दिवा लागला म्हणजे बंद: एका एर्टिगाच्या ॲव्हरेजचं प्रकरण

माझे मामा कोल्हापूरला असतात. शाळेतून निवृत्त झालेले, गणिताचे शिक्षक. मुलगी पुण्यात कोथरूडला, नातू दोन वर्षांचा, त्यामुळे महिन्यातून दोनदा कोल्हापूर–पुणे ठरलेलं. गुडघ्यांनी क्लच नको म्हटल्यावर त्यांनी २०२३ च्या दिवाळीत एक सेकंडहँड एर्टिगा घेतली. २०१९ चं मॉडेल, पेट्रोल, ४ गिअरची ऑटोमॅटिक. गाडी स्वच्छ, रनिंग बेताचं, पहिल्या मालकाने जपलेली. चार-सहा फेऱ्या झाल्या आणि मामांची तक्रार सुरू झाली: ही गाडी पेट्रोल पिते.

कंपनीचा आकडा होता लिटरला १८.६९ किलोमीटर. तो आकडा चाचणीतला. ती चाचणी रोलरवर होते, ठरलेल्या चक्रात, जास्तीत जास्त ताशी ९० च्या वेगाने आणि एसी बंद ठेवून. रस्त्यावर तेवढं पडणार नाही हे मामांनाही कळत होतं. पण पडायचं बारा-साडेबारा, आणि तेही हायवेला, ऐंशीच्या आत-बाहेर चालवून. शहरात ॲव्हरेज घसरलं तर समजू शकतो, हायवेला एवढं घसरायचं कारण नव्हतं.

मामांनी गाडी दोनदा सर्व्हिसिंगला दाखवली. एकदा प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला. दुसऱ्यांदा थ्रॉटल बॉडी साफ केली आणि बिल हातात दिलं. शेवटी तिथल्या माणसाने सांगितलं, गाडीत काही नाही, तुमचं चालवणं बघा. या वाक्याचा मला राग आहे. ते चुकीचं नव्हतं, पण शेजारी बसून चालवणं बघायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक ट्रेडला शिल्पनिदेशक आहे, आणि पोरांना पहिल्या महिन्यात हेच सांगतो: बॉनेट उघडण्याआधी गिऱ्हाइकाशेजारी बसून दहा किलोमीटर जाऊन या. निम्म्या तक्रारी तिथेच सापडतात.

म्हणून २०२४ च्या उन्हाळ्यात सुट्टी लागल्यावर मी मामांबरोबर पुण्याला निघालो.

शिरोली नाक्याजवळच्या पंपावर टाकी फुल केली, नोझल पहिल्यांदा कट झालं तिथेच थांबवलं, ओडोमीटरचा आकडा लिहून घेतला. परत आल्यावर त्याच पंपावर, त्याच पद्धतीने भरायचं ठरवलं. ॲव्हरेज मोजायची ही एकच पद्धत माझ्या विश्वासाची. डॅशबोर्डवरचा आकडा तुलनेपुरता बरा, पण पैसे त्या आकड्यावर जात नाहीत, पंपावर जातात.

मामांचं चालवणं बघितलं तर शिकवणी घ्यावी असं. लेन सोडायची नाही, उगाच ब्रेक नाही, पाय हलका. कागलपासून साताऱ्यापर्यंत सहापदरीकरणाची कामं चाललेली, मधेच सर्व्हिस रोडला उतरवतात, मधेच परत वर घेतात, तरी त्यांची चिडचिड नाही. किणीचा टोलनाका मागे पडला, रस्ता मोकळा झाला, वेगाचा काटा ऐंशीवर स्थिर झाला. आणि माझं लक्ष दुसऱ्या काट्याकडे गेलं. आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, काटा तीन हजारांना टेकलेला होता.

मी थोडा वेळ काही बोललो नाही. वाटलं, पुढे चढ असेल म्हणून गाडी खालच्या गिअरला असेल. पण रस्ता सपाट होता आणि काटा हलेना. ऐंशीला तीन हजार हा या गाडीचा चौथ्या गिअरचा आकडा नव्हेच. मग खाली मीटरमध्ये बघितलं. कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक दिवा जळत होता: ओ/डी ऑफ, म्हणजे ओव्हरड्राइव्ह बंद.

“मामा, हा दिवा किती दिवसांपासून लागलाय?”

“लागलाय कुठला, मीच लावतो. गाडी चालू केली की पहिल्यांदा ते बटण दाबायचं. ज्यानं गाडी दिली त्यानं सांगितलेलं, ओव्हरड्राइव्ह म्हणजे हायवेला ॲव्हरेज वाढवणारं बटण हाय. दिवा लागला की चालू.”

गिअरच्या दांड्याच्या मुठीवर, बाजूला, एक लहानसं बटण असतं. मामा रोज सकाळी किल्ली फिरवायचे, बटण दाबायचे, दिवा लागल्याची खात्री करायचे आणि मगच गाडी हलवायचे. सात महिने. ज्या गोष्टीने पेट्रोल वाचतं ती गोष्ट ते नेमाने, काळजीपूर्वक बंद करत होते.

यात मामांची चूक मी शून्य धरतो. घरातला कुठलाही दिवा घ्या, लागला म्हणजे ती वस्तू चालू. पंख्याचं बटण, गिझरचा लाल दिवा, इन्व्हर्टर, सगळं असंच. आणि इथे एक दिवा असा, की तो लागला म्हणजे काहीतरी बंद आहे. अक्षरं वाचली तर कळतं, पण पासष्टीच्या माणसाला गाडी चालवताना तेवढी बारीक अक्षरं वाचायला लावणं ही रचनेतली उणीव आहे असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात विकणाऱ्याने छातीठोकपणे उलटं सांगितलेलं.

मी म्हटलं, “आता दाबा.”

त्यांनी बटण दाबलं. दिवा विझला. क्षणभर काहीच झालं नाही, मग आरपीएमचा काटा मऊपणे खाली बसायला लागला. तीन हजारांवरून घसरत दोन हजारांच्या किंचित वर येऊन थांबला. वेगाचा काटा जागेवर, ऐंशीलाच. इंजिनाचा जो एक बारीक सूर सात महिने गाडीत भरलेला होता तो एकदम उतरला. मागे बसलेल्या मामी म्हणाल्या, “अहो, गाडी बंद पडली काय?”

तिथून साताऱ्यापर्यंत आम्ही हेच बोलत होतो. मामांना कारण हवं होतं, नुसतं ‘असं करा’ त्यांना चालत नाही.

या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये तिसरा गिअर एकास एक आहे. गिअरबॉक्समध्ये जेवढे फेरे जातात तेवढेच बाहेर पडतात. चौथ्याचं गुणोत्तर साधारण ०.७. म्हणजे इंजिनाने सात फेरे मारले की गिअरबॉक्सच्या बाहेर दहा निघतात. बाहेरचा फेरा आतल्यापेक्षा जास्त, म्हणून ओव्हरड्राइव्ह. वेगळं काही यंत्र नाही, टर्बोसारखी जादा ताकद नाही. चौथा गिअर म्हणजेच ओव्हरड्राइव्ह. आणि ओ/डी ऑफ म्हणजे गिअरबॉक्सला दिलेला हुकूम: चौथ्यात जाऊ नकोस, तिसऱ्यावर थांब. हातगिअरच्या गाडीत पाचवा असतो तो याच जातीचा. पाचवा असताना चौथ्यातच कोल्हापूरहून पुण्याला जाणारा माणूस बघितला तर कुणीही टोकेल. ऑटोमॅटिकमध्ये ते दिसत नाही, एवढंच.

गणिताच्या शिक्षकाने हिशेब स्वतःच मांडला. मिनिटाला ९०० फेरे कमी, म्हणजे तासाला ५४ हजार. पुण्याला जाऊन येण्यात आठेक तास धरा आणि त्यातले पाच तास मोकळ्या रस्त्याचे धरा, तर पावणेतीन लाख फेरे इंजिनाने फुकट मारले. प्रत्येक फेरीला.

पण इथे त्यांनीच खरा प्रश्न विचारला, जो माझी पोरंही क्वचित विचारतात. “गाडी ऐंशीनं ढकलायला जी ताकद लागते ती तेवढीच लागणार. फेरे कमी झाले तर प्रत्येक फेऱ्याला पेट्रोल जास्त लागेल. मग वाचलं काय?”

बरोबर आहे. वारा तोच, टायर तेच, वजन तेच, म्हणून चाकाला लागणारी ताकदही तीच. वाचतं ते इंजिनाच्या आतलं. पिस्टन, रिंगा, बेअरिंग यांचं घर्षण प्रत्येक फेऱ्याला खर्च मागतं. फेरे कमी केले की तो खर्च उतरतो. दुसरा खर्च हवा ओढण्याचा. पेट्रोल इंजिनात पाय हलका असला की थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि इंजिन त्या फटीतून हवा ओढत राहतं. रसवंतीत उसाचा रस चिमटलेल्या नळीने ओढून बघा, गाल दुखतात, रस थोडाच येतो. तिसऱ्या गिअरला तीन हजारांवर इंजिनाचं हेच चाललेलं असतं: फेरे भरपूर, काम थोडं, झडप मिटलेली. चौथ्यात फेरे कमी होतात, तेवढीच ताकद काढायला झडप थोडी जास्त उघडावी लागते, नळीची चिमट सुटते. प्रत्येक फेऱ्याला पेट्रोल थोडं जास्त जातं हे खरं, पण एकूण कमी जातं.

आणखी एक गोष्ट चौथ्यात घडते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो, तेलातून ताकद पोचवणारा. तेल म्हटलं की थोडं घसरणं आलं, घसरण्यातून उष्णता आली, म्हणजे पेट्रोल वाया. म्हणून सपाट रस्त्यावर, स्थिर पायावर, आत एक लॉक-अप क्लच बसतो आणि दोन्ही बाजू घट्ट जोडल्या जातात. चौथा पडल्यानंतर काही सेकंदांनी काटा आणखी अर्धी रेघ खाली उतरतो, तो हा लॉक-अप. पुष्कळांना तो पाचवा गिअर पडल्यासारखा वाटतो. पाय सारखा वर-खाली केला की लॉक-अप सुटतो, परत बसतो, परत सुटतो. हलका आणि स्थिर पाय हवा तो यासाठी.

ही पहिली फेरी मी हिशेबातून बाद केली, कारण बटण अर्ध्या वाटेत बदललं होतं. घरी परतल्यावर नीट मोजायचं ठरलं. मामांच्या डायरीत चार फेऱ्या आहेत, कोल्हापूर–कोथरूड–कोल्हापूर, सगळ्या एसी लावून, सगळ्यांत मामा-मामी आणि मागे सामान.

पहिल्या फेरीत मुद्दाम जुनी स्थिती ठेवली. ओव्हरड्राइव्ह बंद आणि टायरमध्ये होती तेवढीच हवा. ४७६ किलोमीटरला ३८.४ लिटर, म्हणजे १२.४. निघताना हवा तपासली तेव्हा चारही टायर कमी भरले होते. ते मी लपवून ठेवणार नाही, सगळं खापर बटणावर फोडणं खोटं ठरेल. म्हणून दुसऱ्या फेरीला दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरली आणि ओव्हरड्राइव्ह मात्र तसंच, बंद. ४७४ किलोमीटरला ३७ लिटर, १२.८ पडलं. हवेने थोडं दिलं. तिसऱ्या फेरीला ओव्हरड्राइव्ह चालू, घाटातसुद्धा चालू, बटणाला हातच लावायचा नाही असं बजावलं. ४७८ किलोमीटरला ३२.१ लिटर. १४.९.

एका फेरीला पाच लिटर. पेट्रोल शंभराच्या वर, म्हणजे पाचशेहून जास्त रुपये, आणि महिन्याला दोन फेऱ्या. मामांनी सात महिन्यांचा गुणाकार केला आणि डायरी मिटून ठेवली. त्यावर मीही काही बोललो नाही.

चौथी फेरी घाटासाठी होती, आणि या प्रकरणातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते त्या फेरीत आहे.

पुण्याहून परतताना शिरवळ मागे पडलं की रस्ता खंबाटकीच्या दिशेने हळूहळू चढायला लागतो. तिसऱ्या फेरीत, ओव्हरड्राइव्ह चालू असताना, नेमकी इथे गाडी वेडीवाकडी वागली होती. साठ-पासष्टचा वेग, सुस्त चढ, पुढे उसाचा ट्रॅक्टर. गिअरबॉक्स चौथ्यात जायचा, चढाला ताकद कमी पडायची, मामांचा पाय थोडा दबायचा, गिअरबॉक्स तिसऱ्यात यायचा, वेग वाढायचा, पाय सुटायचा, परत चौथा. मिनिटभरात चार-पाच वेळा. याला हंटिंग म्हणतात. प्रत्येक बदलात आतले क्लच घासतात, लॉक-अप सुटतो, कन्व्हर्टरमधलं तेल तापतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा खरा शत्रू उष्णता आहे. तेल तापून जळालं की क्लच घसरायला लागतात, आणि त्या दुरुस्तीच्या बिलात अनेक वर्षांचं वाचलेलं पेट्रोल बुडतं.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. खडा चढ सुरू झाल्यावर बटणाची फारशी गरजच उरत नाही. खंबाटकीच्या वळणांवर वेग चाळीसच्या आसपास, गिअरबॉक्स आपणहूनच तिसऱ्यात-दुसऱ्यात राहतो, चौथ्याचा प्रश्नच येत नाही. बटणाची जागा आहे ती घाटाच्या आधीची सुस्त चढण आणि घाट संपत येताना कमी होत जाणारा चढ, जिथे गिअरबॉक्सला ठरवता येत नाही. गाडी दोनदा-तीनदा उलटसुलट गिअर बदलताना जाणवली की बटण दाबायचं. आधी नाही.

चौथ्या फेरीत आम्ही तसंच केलं. शिरवळच्या पुढे ऑफ. गाडी तिसऱ्यात शांतपणे, एका सुरात चढली. घाट उतरून वेळे मागे पडलं, सुरूरच्या फाट्यापाशी परत ऑन. फेरीचं ॲव्हरेज आलं १५. कागदावर ४७५ किलोमीटरला ३१.७ लिटर.

१४.९ आणि १५. हा फरक नव्हेच. नोझल पाच सेकंद आधी-मागे कट झालं तरी एवढा फरक पडतो. मी मामांना तसंच सांगितलं, कारण लोकांना वाटतं की घाटात ओव्हरड्राइव्ह बंद केल्याने पेट्रोल वाचतं. एवढ्या लांब प्रवासात घाटाचा वाटा पाच-सात किलोमीटरचा. तिथे काहीही केलं तरी टाकीच्या हिशेबात दिसत नाही. घाटात बटण दाबायचं ते गिअरबॉक्स गार राहावा म्हणून. पेट्रोल वाचतं ते बाकीच्या साडेचारशे किलोमीटरवर, बटणाला हात न लावल्याने.

उताराचं वेगळं आहे. तिथे प्रश्न ब्रेकचा. साताऱ्याहून पुण्याकडे येताना खंबाटकीचा जुना बोगदा ओलांडला की रस्ता उतरत-उतरत एस आकाराच्या वळणात शिरतो. त्या वळणावर किती अपघात झालेत ते या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. चौथ्या गिअरमध्ये पाय सोडला तर इंजिन गाडीला फारसं धरत नाही, फेरे कमी असल्यामुळे. गाडी पळत सुटते, माणूस ब्रेकवर पाय ठेवून बसतो, लायनर तापतात. बोगद्यात शिरतानाच बटण दाबलं तर बोगद्याबाहेर गाडी तिसऱ्यात असते आणि इंजिन मागून धरून ठेवतं. पसरणी घाटात, पाचगणीहून वाईला उतरताना, तिसराही पुरत नाही. तिथे दांडा ‘२’ वर आणावा लागतो. मामींची बहीण वाईला असते, त्यामुळे तेही करून बघितलं. आधी पायथ्याला पोचेपर्यंत ब्रेकचा जळका वास यायचा आणि मामी खिडकी उघडायच्या. ‘२’ वर उतरलो तेव्हा वास आला नाही.

“पण इंजिन एवढं ओरडतंय, पेट्रोल जात असंल की,” मामा म्हणाले.

जात नाही. इंजेक्शनच्या गाडीत पाय पूर्ण सोडला आणि चाकं इंजिनाला फिरवायला लागली की इंजेक्टर बंद होतात. फेरे तीन हजार असोत की साडेतीन, त्या वेळी आत पेट्रोलचा थेंब जात नाही. इंजिन ओरडतं ते नुसत्या हवेने. मीटरवरची चालू मायलेजची पट्टी मी त्यांना दाखवली, ती टोकाला जाऊन भिडलेली होती. उलट न्यूट्रलमध्ये उतरणारे आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत, पेट्रोल वाचतं या समजुतीने. न्यूट्रलमध्ये इंजिनाला आयडलिंगवर स्वतःला जिवंत ठेवावं लागतं, म्हणजे पेट्रोल जातंच, आणि गाडीवरचा ताबाही जातो. घाटात न्यूट्रल कधीही नाही. यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

ओव्हरटेकसाठी बटण लागतं का, हेही मामांनी विचारलं. पाय खोल दाबला की गिअरबॉक्स आपणहून खाली येतो, त्यामुळे गरज नाही. फक्त दुपदरी रस्त्यावर, समोरून गाड्या येत असताना, आधीच तिसऱ्यात येऊन तयार राहायचं असेल तर ट्रकच्या मागे असतानाच बटण दाबावं आणि पुढे गेल्यावर लगेच परत दाबून ओव्हरड्राइव्ह चालू करावं. परत दाबायचं राहून जातं, हाच त्यातला धोका.

शहरात? ताराराणी चौक ते रंकाळा एवढ्या फेरीत चौथा गिअर फारसा पडतच नाही. पाय हलका असला तर साधारण पन्नासच्या आसपास तो पडतो, आणि गाडी थंड असेल तर इंजिन तापेपर्यंत बहुतेक गिअरबॉक्स चौथा आणि लॉक-अप अडवूनच धरतात. म्हणून शहरात ओव्हरड्राइव्ह चालू की बंद याने ॲव्हरेज हलणार नाही. चालूच ठेवावं, म्हणजे विसरायचा प्रश्न येत नाही.

वेगाचंही सांगितलं पाहिजे, कारण काटा खाली आल्याच्या आनंदात मामा परतीला पंचाण्णववर गेले होते. ओव्हरड्राइव्ह इंजिनाच्या आतला खर्च वाचवतं, बाहेरच्या वाऱ्यावर त्याचा काही इलाज नाही. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ऐंशीचे शंभर केले की तो दीडपटीहून जास्त होतो. बटणाने जे कमावलं ते असं वाऱ्यावर जातं. मामांनी वर्ग स्वतःच काढला, १.५६, आणि परत ऐंशीवर आले.

हे बटण आता नव्या गाड्यांत दिसेनासं झालंय. एर्टिगालाच एप्रिल २०२२ पासून ६ गिअरची ऑटोमॅटिक आली. अशा गिअरबॉक्समध्ये बहुधा पाचवा आणि सहावा दोन्ही ओव्हरड्राइव्हच असतात, त्यांना वेगळं नाव राहिलेलं नाही. घाटात स्टिअरिंगमागच्या पॅडलने किंवा मॅन्युअल मोडने खाली यायचं. पण आधीच्या ४ गिअरच्या एर्टिगा, सियाझ, ब्रेझा, एक्सएल-६ सेकंडहँड बाजारात भरपूर फिरतायत, जुन्या आय-टेन आणि कोरोला ऑटोमॅटिकही. त्या विकत घेणाऱ्याला मालक बदलताना बटणाची माहिती तोंडी मिळते, आणि तोंडी माहिती कशी उलटी होते ते वर आलंच आहे. गाडीबरोबर पुस्तिका मागून घ्या. मामांच्या गाडीची पुस्तिका डिकीत, जॅकच्या पिशवीखाली, प्लास्टिकमध्ये तशीच होती. आणि एक खूण: पुष्कळ गाड्यांत हा दिवा स्थिर जळण्याऐवजी लुकलुकायला लागला तर तो बटणाचा नसून गिअरबॉक्समधल्या बिघाडाचा इशारा असतो. तेव्हा बटण दाबत बसू नका, स्कॅनर लावून घ्या.

सात महिने तिसऱ्यात पळाल्याने इंजिनाचं काही बिघडलं का, याची मामांना भीती होती. नाही. तीन हजार फेरे या इंजिनाला जड नाहीत, त्याची पूर्ण ताकद सहा हजारांवर मिळते. गिअरबॉक्सचं तेल काढून बघितलं, रंग गडद होता पण जळका वास नव्हता. रनिंग बघून ते बदलून घेतलं.

मामांच्या डायरीत आता तारीख, किलोमीटर, लिटर आणि हवा यांच्या पुढे पाचवा रकाना आहे, ‘बटण’. जूनच्या पहिल्या फेरीची नोंद अशी: जाताना बोगद्यात ऑफ, एस वळण संपल्यावर ऑन. येताना शिरवळनंतर ऑफ, सुरूरला ऑन. बाकी हात लावला नाही. १५.१.